समुद्राकाठचं पथ्य

लग्न होऊन मी आळ्याहून वारूळवाडीच्या बाजूला सासरी आले, त्या पहिल्याच आठवड्यात जेवणाचं ताट उडताना पाहिलं. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. सासरे, म्हणजे आमचे मामा, जेवायला बसले होते. मी वाढत होते. सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांना मी आत्या म्हणायची. मामांनी वांग्याच्या भाजीचा एक घास घेतला, चावला आणि काही न बोलता ताट उचलून चुलीकडं भिरकावलं. ताटाचा काठ आत्यांच्या कपाळावर बसला. रक्ताची धार भुवईवरून नाकापर्यंत आली. आत्यांनी पदर कपाळाला लावला आणि दुसऱ्या हातानं तव्यावरची भाकरी उलटली.

"भाकर करपंल," त्या म्हणाल्या.

मी वाडगं हातात धरून थिजून उभी होते. माझा नवरा मोरीजवळ हात धूत होता. त्यानं मागं वळून पाहिलं आणि मला म्हणाला, "आबांना मीठ कमी चालत न्हाई. ध्यानात ठेव." नव्या बाईला घरातली पाण्याची मोटर कशी चालू करायची ते सांगावं, तसा त्याचा आवाज होता.

मामा तरुणपणी पैलवान होते. आसपासच्या यात्रांमध्ये कुस्त्या मारलेले. मी सासरी आले तेव्हा कुस्ती सुटून पुष्कळ वर्षं झाली होती, पण खुराक सुटला नव्हता. बुधवारी आणि रविवारी मटण, तेही चरबीचं. भाकरीवर तूप ओतायचं, लावायचं नाही. रश्शावर बोटभर तर्री दिसली नाही तर पातेलं अंगणात जायचं. अंग थोराड, मान खांद्यात रुतलेली, आणि हात असे की दारातून आत आले की आधी हातच आत आल्यासारखे वाटत. त्या हातांनी त्यांनी गडी मारले, बैल मारले, भाऊबंद मारले. बायकोला तर रोजच्यासारखं.

आत्या आंबेगावच्या वरच्या अंगाच्या. डिंभ्याच्या धरणापलीकडं, डोंगरात त्यांचं माहेर. तिकडं भात, नाचणी, वरई पिकायची. आमच्याकडची माणसं त्यांना 'मावळाची' म्हणत, आणि म्हणताना ओठ जरासा वाकडा करत. आत्यांचा भाऊ वर्षातून एकदोनदा यायचा, तेव्हा नाचणीचं पीठ, वरई, सुकवलेली मासळी, पावसाळा असेल तर कुर्डू नाहीतर भारंगीची पानं घेऊन यायचा. पुरुष रानात गेले की दुपारी आम्ही दोघी मागच्या दारी बसून ते खायचो. नाचणीची भाकरी, कुळथाचं कढण, कांदा, कधी सुकट. आत्या खाताना वेगळ्याच दिसायच्या. त्यांचे खांदे खाली यायचे.

एकदा मामा मधेच परत आले. त्यांनी तव्यावरची काळसर भाकरी पाहिली. लाथ मारून तवा पाडला. तापलेला तवा आत्यांच्या पायावरून घसरत गेला.

"माझ्या घरात भिकार खाणं शिजवायचं न्हाई, किती येळा सांगितलं?" ते ओरडले. "लोकं म्हणतील पैलवानाच्या घरात खायाला न्हाई!"

आत्या पाय धरून खाली बसल्या. त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी रांजणातलं पाणी त्यांच्या पायावर ओतत राहिले. मामा बाहेर जाऊन बाजेवर आडवे झाले आणि थोड्या वेळात घोरायलाही लागले. पायाची कातडी सुटली. पुढं तिथं पांढरा डाग पडला. त्यानंतर त्या घरात नाचणी शिजली नाही. भाऊ पीठ घेऊन आला की आत्या त्याला शेजारणीकडं ठेवायला सांगायच्या.

अशी दहाएक वर्षं गेली. मला एक मुलगी झाली, एक मुलगा झाला. माझ्या नवऱ्यानं तोवर माझ्यावर हात टाकला नव्हता. मला वाटायचं, हा बापासारखा नाही. रागावला की बाहेर निघून जायचा, टोमॅटोच्या वावरात जाऊन कामाला लागायचा. मी माहेरी गेले की आईला सांगायची, "ह्यांचा स्वभाव आईवर गेलाय."

मामांचं आजारपण भांडणातच सुरू झालं. कॅनॉलला पाणी सुटलं होतं आणि आमची पाळी होती. चुलत्यांच्या पोरानं वरच्या अंगाला पाटाचं दारं फोडून पाणी आपल्याकडं वळवलं, असं मामांच्या कानावर आलं. ते फावडं घेऊन तरातरा गेले. मी भाकरी पोचवायला बांधावर गेले होते, म्हणून मी ते डोळ्यांनी पाहिलं. मामांनी पुतण्याला एक शिवी दिली, त्यानं दोन दिल्या. मामांनी फावडं डोक्याच्या वर उचललं. तो पोरगा हात वर करून मागं सरकला, पाय घसरून पाटात पडला. फावडं खाली यायचं तसंच राहिलं. मामांचं तोंड उघडं पडलं. ते हळूच, कुणी खांदा दाबून बसवावं तसे चिखलात बसले. ओठ निळे पडले होते. कपाळावरून घाम पाण्यासारखा वाहत होता.

ज्याचं डोकं फुटायचं होतं, त्याच पुतण्यानं त्यांना पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पळत नेलं. जीप थांबवली. नारायणगावच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन पुण्याला पाठवलं.

पुण्याच्या दवाखान्यात माझा नवरा लहान पोरासारखा रडला. भिंतीला डोकं टेकून, खांदे हलवत. बापावर त्याचा जीव होता, हे मी कधीच नाकारणार नाही. पुढं जे झालं ते त्या जिवापोटीच सुरू झालं.

मामांना घरी सोडायच्या वेळी डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. तरुण होते, शांत बोलायचे. म्हणाले, "युरोपात भूमध्य समुद्र आहे. त्याच्या काठच्या लोकांना हृदयाचे आजार कमी होतात असं दिसून आलंय. ते लोक भाज्या, फळं, कडधान्यं भरपूर खातात. मासे खातात. मूठभर अक्रोड-बदाम. तेल चांगलं असतं, ऑलिव्हचं. मटण अगदी क्वचित. तुम्ही त्या धर्तीवर खायचं. मीठ कमी, तूप कमी, साखर कमी."

मामा क्षीण आवाजात म्हणाले, "आमच्याकडं समुद्र कुठं हाय, डाक्टर? येडगावचं धरण हाय."

डॉक्टर हसले. "धरणातला मासा चालेल की. आणि तेल शेंगदाण्याचं घ्या, पण बेतानं. मुख्य म्हणजे रोजच्या रोज पाळायचं. चार दिवस पाळून सोडायचं नाही."

माझा नवरा हात जोडून ऐकत होता. त्यानं मान डोलावली. "पाळणार म्हंजे पाळणार, साहेब."

घरी आल्यावर पहिले काही दिवस शेजारीपाजारी भेटायला येत होते. ज्याला त्याला नवरा समुद्राकाठच्या लोकांचं सांगायचा. सगळे मान हलवायचे, लई बरोबर हाय म्हणायचे आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच खायचे. नवरा स्वतःही मार्केटला टोमॅटो घेऊन गेला की वडापाव आणि भजी खाऊन यायचा. त्याच्या शर्टाला तेलाचा वास यायचा. पथ्य फक्त मामांचं होतं, आणि ते पाळायची जबाबदारी आत्यांची आणि माझी.

पिंपरीहून नणंद ऑलिव्हच्या तेलाचा छोटा डबा घेऊन आली. औषधाच्या दुकानात मिळाला म्हणाली. मामांनी डबा हातात घेऊन फिरवून पाहिला.

"हे तर तू तुझ्या पोराला चोळत व्हतीस ना? न्हाऊ घालायच्या आधी?"

"तेच आहे, आबा. पण खायलाबी चालतं."

"मंग आता मला चोळा आणि पाळण्यात घाला."

नणंद हसली, मी हसले, आत्यासुद्धा हसल्या. नवरा हसला नाही. त्यानं मला त्या तेलात मेथी करायला लावली. मामांनी पहिला घास जमिनीवर थुंकला. नवऱ्यानं दुसरा घास स्वतःच्या हातानं बापाच्या तोंडाला लावला. मामांनी तोंड फिरवलं. नवऱ्यानं त्यांचा जबडा धरला, बैलाला औषध पाजताना धरतात तसा, आणि घास आत कोंबला. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी घास गिळला. नणंदेनं खाली मान घातली.

त्या दिवसापासून घरातला मार फिरला. आधी तो बापाच्या हातात होता, आता मुलाच्या हातात गेला. मामांना डॉक्टरांनी जड काम करू नका म्हणून सांगितलं होतं. हात उचलला तरी धाप लागायची. ते बाजेवर बसून शिव्या द्यायचे, पण त्या शिव्यांना आता कुणी घाबरत नव्हतं. माझा नवरा मात्र दिवसेंदिवस कडक होत गेला. लोणच्याची बरणी त्यानं कपाटात कुलूपबंद केली. एकदा मामांनी आत्यांकडून थोडं तूप मागून घेतलं, ते त्यानं पाहिलं आणि तुपाची बरणी अंगणात दगडावर आपटली. काचांमधलं तूप चाटायला कुत्री आली. त्यांच्या जिभा कापल्या, तरी ती चाटत राहिली. मामा दारात उभे राहून ते बघत होते.

"माझ्या घरात मलाच…" ते म्हणाले.

"तुमाला जगवायचंय, आबा," नवरा म्हणाला.

मामा गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. दुपारी कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून ते नारायणगावच्या स्टँडजवळच्या खानावळीत जायला लागले. नवऱ्याला कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर होते. मुलीच्या वह्या घ्यायला बाजारात आलो होतो. तो मला रस्त्यावर उभी करून आत गेला. मामांच्या पुढ्यात मटणाची थाळी होती. नवऱ्यानं त्यांची कॉलर पकडली आणि त्यांना बाकावरून उचललं. थाळी उलटली, रस्सा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला. तो त्यांना खेचत रस्त्यावर घेऊन आला. मामांची टोपी आत राहिली. एके काळी त्या रस्त्यानं लोक बाजूला होऊन त्यांना वाट देत. आता ते थांबून बघत होते.

खानावळवाला मागं धावत आला. "राव, बाप हाय तुझा."

"बाप हाय म्हणूनच," नवरा म्हणाला.

मामांनी त्याच्या तोंडावर थुंकायचा प्रयत्न केला. थुंकी त्यांच्याच हनुवटीवर ओघळली. मी पुढं होऊन पदरानं पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात झटकला. नवऱ्यानं मला गाडीत बस म्हणून सांगितलं, आणि ज्या आवाजात सांगितलं तो आवाज मी ओळखला. तो मामांचा आवाज होता.

त्यानंतर नवऱ्यानं नवीनच पद्धत काढली. मामांचं ताट वाढलं की आधी तो बोट बुडवून चव बघायचा. मीठ आहे का, तिखट किती, तेल किती. मीठ कमी पडलं म्हणून ताट उडणाऱ्या घरात आता मीठ पडलं म्हणून काय होईल, याची भीती बसली.

ते झालंच. मुलं शाळेत होती. मी मटकीची उसळ केली होती, मामांची बिनमिठाची वेगळी काढली होती. आत्या मागच्या दारी चुलीवर भाकरी करत होत्या. मामांना वाढून मी आत आले. नवरा त्या दिवशी उशिरा रानातून आला. मामांचं अर्धं जेवण झालं होतं, तरी त्यानं त्यांच्या वाटीत बोट घातलं आणि चाटलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"मीठ टाकलं?"

"न्हाई टाकलं."

"मला चव कळत न्हाई का?"

"मी वेगळी काढली व्हती. खरंच टाकलं न्हाई."

"खोटं बोलती?"

आणि त्याचा हात आला. उघडा पंजा माझ्या डाव्या कानावर बसला. आत काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि मग सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं. मी ओट्याला धडकले. ओठ दाताखाली सापडला. त्यानं ओट्यावरची पळी उचलली. पळी खांद्यावर बसली, पाठीवर बसली, मी हात डोक्यावर घेतले तर बोटांवर बसली. तो काय ओरडत होता ते मला नीट ऐकू येत नव्हतं. "माझ्या बापाला मारायचंय तुला," एवढं मात्र ऐकू आलं.

उंबऱ्यापलीकडं मामा जेवत बसले होते. मला ते दिसत होते. ते चावत होते. एकदाही वर पाहिलं नाही.

आत्या धावत आल्या. त्यांच्या हातात चुलीची फुकणी होती, लोखंडी. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं, मग मामांकडं पाहिलं. आणि त्यांची नजर तिथंच थांबली. मामांच्या बंडीच्या खिशातून कागदाची पुडी डोकावत होती. खिशाखाली, मांडीवर, मिठाचे पांढरे दाणे सांडलेले होते.

"अवं," आत्या म्हणाल्या, "सांगा की त्याला."

मामांनी घास गिळला. पाण्याचा तांब्या उचलला.

"सांगा. तुमी टाकलंय."

मामा पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

नवऱ्याच्या हातातली पळी वरच होती. ती खाली येताना आत्यांनी फुकणी फिरवली. फुकणी त्याच्या मनगटाच्या वर बसली. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज मला माझ्या उजव्या कानानं ऐकू आला. तो किंचाळला आणि हात छातीशी धरून गुडघ्यांवर आला. आत्यांनी पुन्हा मारलं, खांद्यावर, आणि पुन्हा. चाळीस वर्षं ज्या बाईनं हूं का चूं केलं नव्हतं, ती तोंडानं एक शब्द न काढता मारत होती. शेवटी मीच रांगत जाऊन त्यांचे पाय धरले. "आत्या, पुरे. मरंल तो."

त्या थांबल्या. मग मामांकडं वळल्या. मामांनी ते वळणं पाहिलं आणि दोन्ही हात डोक्यावर घेतले. पैलवान माणूस, पाटावर बसल्या जागी गोळा झाला.

"मला छातीत दुखतंय," ते म्हणाले.

"दुखू द्या," आत्या म्हणाल्या.

फुकणी वर होती. मला वाटलं, आता ही मारते. पण त्यांनी ती खाली घेतली आणि भिंतीला टेकून उभी केली. त्यांचा श्वास लागला होता.

"मीठ कमी म्हणून तुमी मला मारलं," त्या म्हणाल्या. "मीठ जास्त म्हणून ह्यानं हिला मारलं. आता तुमचं तुमी रांधा आणि तुमचं तुमी खा. मी ह्या चुलीला हात लावणार न्हाई."

मला त्यांनी हाताला धरून उठवलं. तोंड धुतलं. मुलं शाळेतून आल्यावर आम्हा तिघांना आळ्याच्या गाडीत बसवून दिलं. स्वतः मात्र आल्या नाहीत. "माझं अजून इथं काम हाय," म्हणाल्या.

माहेरी भावानं माझं तोंड पाहिलं आणि काठी काढली. त्याचे दोन मित्रही निघाले. मी दारात आडवी बसले. "ह्या मारामारीचाच कंटाळा आलाय रे," मी त्याला म्हणाले. "तू गेलास तर परत तेच." तो काठी भिंतीवर आपटत राहिला, मोडेपर्यंत. आईनं पाठीला हळद लावली. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी कान तपासला, पडदा फाटलाय म्हणाले. पुढं तो थोडा भरला, पण त्या कानानं मला आजही नीट ऐकू येत नाही.

काही आठवड्यांनी नवरा आला. हात प्लॅस्टरमध्ये, दाढी वाढलेली. आईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला नाही. तो माझ्या डाव्या बाजूला बसून बोलायला लागला.

"त्या बाजूनं मला ऐकू येत न्हाई," मी म्हणाले.

तो उठून उजव्या बाजूला आला.

"आई माझ्याशी बोलत न्हाई. मागं पडवीत वेगळी चूल मांडलीय. तिचं ती खाते."

"आणि तुमी?"

"मी करतो. आबा करत्यात. खिचडी, उसळ, काहीबाही." मग म्हणाला, "चुकलं माझं."

मी परत गेले, पण त्याच्या त्या दोन शब्दांसाठी नाही. मुलांची शाळा बुडत होती आणि आत्या तिथं एकट्या होत्या. जाताना एवढंच सांगितलं, की मी आत्यांच्या चुलीवर खाणार आणि मुलांनाही तिथंच घालणार. परत एकदा हात उठला तर भावाला अडवायला मी दारात बसणार नाही.

घरात दोन चुली झाल्या. गावात चर्चा झाली, मग थांबली. पडवीत आत्यांनी नाचणीची भाकरी करायला सुरुवात केली, उघडपणे. भाऊ आला की पोतं थेट अंगणातून आत यायचं. तो डोंगरातल्या भाज्या आणायचा, धरणावरचा कुणी मासे द्यायचा. भाजीत तेल नावाला असायचं. एकदा खाता खाता मी आत्यांना म्हणाले, "डाक्टरांनी सांगितलेलं हेच की."

"असंल," त्या म्हणाल्या. "पण मी हे माझ्यासाठी रांधते."

पुढच्या घरात बापलेक धडपडत होते. नवऱ्याची भाकरी तव्याला चिकटायची. मामा विझत आलेल्या चुलीत फुंकर मारताना धापा टाकायचे. एकदा मामांनी तापलेलं झाकण नवऱ्याच्या अंगावर फेकलं, त्याच्या दंडाला चटका बसला. मी पडवीतून पाहिलं. नवऱ्याचा चांगला हात वर गेला. तो हात तसाच हवेत ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मग बाहेर आला, हौदात दंड बुडवला आणि वावराकडं निघून गेला. मामांना तूप-मटण रांधणं काही जमलं नाही. उकडलेली कडधान्यं, कच्चा कांदा-टोमॅटो, काकडी, पेरू, असलंच त्यांच्या पोटात जात राहिलं. सोपं होतं म्हणून.

एका दुपारी मामा काठी टेकत पडवीच्या तोंडाशी आले. आम्ही जेवत होतो. ते भाकरीकडं बघत उभे राहिले.

"एक तुकडा दे," ते आत्यांना म्हणाले.

आत्यांनी चावायचं थांबवलं नाही. "भिकार खाणं हाय हे. पैलवानानं खाऊ नये."

मामांचा चेहरा आधी लाल झाला. पूर्वी असा झाला की आम्ही पोरांना घेऊन बाहेर पडायचो. पण मग तो रंग उतरला, आणि त्याखाली एक म्हातारा माणूस निघाला. मला त्यांची दया आली. माझा हात भाकरीकडं गेलाही. आत्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि मी हात मागं घेतला. तो निर्णय माझा नव्हता. मामा पुढच्या घरात परत गेले. आत्यांनी त्या दिवशी राहिलेली भाकरी गाईला घातली.

वर्षभरानं तपासणीला पुण्याला गेलो तेव्हा डॉक्टर खूष झाले. वजन उतरलं होतं, रक्ताचा रिपोर्ट सुधारला होता. "इतकं काटेकोर पथ्य फार कमी लोक पाळतात," ते म्हणाले. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच," मामा म्हणाले.

"वा! बाकीच्यांनी तुमच्याकडून शिकायला पाहिजे."

नवरा खाली बघत होता. आत्या खुर्चीत ताठ बसून भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडं बघत होत्या. परतीच्या एसटीत त्या माझ्या उजव्या बाजूला बसल्या. मंचर गेल्यावर म्हणाल्या, "त्या समुद्राकाठच्या बायकांनाबी नवरे मारत असतील का गं?"

"काय माहीत, आत्या."

"डाक्टरला इचारायला पायजे व्हतं. नुसतं काय खायाचं ते सांगून काय व्हतंय."

पुढच्या सीटवर मामा आणि नवरा बसले होते. त्यांनी ऐकलं असेल. दोघांपैकी कुणीही मागं वळलं नाही.

त्यानंतर मामा आणखी काही वर्षं जगले. गेले ते थंडीत, सकाळी, अंगणात उन्हाला बसल्या जागी. बायका जमल्या. चुलतसासू आत्यांच्या बांगड्या फोडायला पुढं आल्या, त्यांनी आत्यांचं मनगट धरून जमिनीवर आपटायला घेतलं. आत्यांनी एका झटक्यात मनगट सोडवून घेतलं. "हात लावू नका," त्या म्हणाल्या. "ह्या हाताला लई लोकांनी धरलंय. आता मीच काढते." त्यांनी एकेक बांगडी सावकाश काढली आणि ताटलीत ठेवली. एकही फुटली नाही. बायका कुजबुजल्या. मी ताटली उचलून आत ठेवली.

दिवसकार्य झाल्यावर आत्या म्हणाल्या, "मला माहेरी सोडून ये." मी गेले. डिंभ्याच्या पुढं रस्ता डोंगरात चढतो, गाडी दर वळणावर आचके देत होती. आत्यांच्या भावाचं घर उताराला, खाली भाताची खाचरं. वहिनीनं आम्हाला जेवायला वाढलं, आणि आत्या तिथल्या बायकांशी बोलायला लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सकाळी मी निघायची तयारी केली, तर त्या पाटी आणि खोरं घेऊन खाचरं दुरुस्त करायला खाली निघाल्या होत्या.

"आत्या, गाडी येईल."

"तू जा. मी न्हाई येत आता."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डाव्या कानावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि उतारानं खाली गेल्या.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती. नवरा ओट्यापाशी कांदा चिरत होता.

"आई?" त्यानं विचारलं.

"त्या तिकडंच राहिल्या."

त्यानं सुरी खाली ठेवली. त्याच्या कपाळाची शीर ताठ झालेली मला दिसत होती, आणि मी दाराच्या जवळच उभी राहिले, चप्पल न काढता. मग त्यानं डोळे पुसले, कांद्यामुळं की कशामुळं ते मी विचारलं नाही, आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.